वेशीबाहेरचे रान : ऑनलाइन काल्पनिक जगांतील तग आणि रीतभात

आजचा खेळाडू ‘वाइल्डी’ (‘वाइल्डरनेस’, म्हणजे रान, याचे बोलीतले रूप) म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे झाडी, नद्या किंवा लांडगे येत नाहीत. येतो तो पाठीमागून अचानक प्रकट होणारा दुसरा खेळाडू. ऑनलाइन रोलप्लेइंग खेळांत रानाला हा अर्थ हळूहळू येत गेला. सुरुवात अगदी वेगळी होती. १९७४ मध्ये टेबलावर खेळल्या जाणाऱ्या ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’चे पहिले नियम प्रसिद्ध झाले, तेव्हा तळघरांबाहेरच्या प्रवासासाठी १९७२ मधील ‘आउटडोअर सर्व्हायव्हल’ या दुसऱ्याच खेळाचा पट वापरावा, अशी सूचना त्यांत होती. त्या पटावरचे शत्रू म्हणजे भूक, तहान आणि वाट चुकणे. १९८०च्या सुमारास आलेल्या ‘रोग’ (Rogue) या संगणकावरच्या खेळात भूक घड्याळाचे काम करू लागली: एकाच मजल्यावर रेंगाळणाऱ्याची शिदोरी संपे आणि त्याला पुढे सरकणे भाग पडे.

‘मड’ म्हणजे चित्रांविना, केवळ अक्षरांवर चालणारे आणि अनेकांनी एकत्र खेळायचे जग; त्यांच्या काळाबद्दल फार लिहिण्याचे कारण नाही. १९७८ मध्ये एका ब्रिटिश विद्यापीठात पहिला मड सुरू झाला आणि १९९१ पासून डेन्मार्कमध्ये घडलेल्या ‘डिकूमड’च्या शेकडो नकला पसरल्या. त्यांत ठरावीक वेळाने ‘तुम्हाला भूक लागली आहे’ अशी ओळ उमटे, खेळाडू पाव खाई, कारंज्यावर पखाल भरून घेई आणि कामाला लागे. या भुकेचा त्रास होई, तिची भीती मात्र कोणाला वाटत नसे. वागणुकीचे नियम सर्व्हर (खेळाचे जग ज्यावर चालते तो संगणक) चालवणाऱ्याच्या मर्जीवर असत आणि तो बहुधा स्वतःच तिथे हजर असल्यामुळे तंटे जागच्या जागी मिटत.

हजारो माणसे एकाच जगात आली आणि ही सोय संपली. सप्टेंबर १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ सुरू झाले. निर्मात्यांच्या मनात रानाचे स्वतंत्र जीवनचक्र होते. लांडग्यांनी मेंढ्या खाव्यात, शिकार घटली की त्यांनी वस्तीकडे सरकावे, अशी ती कल्पना होती. खेळाडूंनी दिसेल तो प्राणी इतक्या वेगाने मारला की ते चक्र कोणाच्या नजरेस येण्याआधीच मोडले, आणि पुढे ते काढून टाकावे लागले. शहरात पहारेकऱ्यांना हाक मारली की हल्लेखोर तत्काळ मरे, मात्र वेशीबाहेर पाऊल टाकले की पहारा संपे. तिथे खेळ बंद करणेही सोपे नव्हते, कारण खेळाडू निघून गेला तरी त्याचे पात्र काही मिनिटे उघड्यावर उभेच राही. त्यावर उपाय होता कॅम्पिंगच्या कौशल्याचा. कट्यारीने झाडाच्या काटक्या तोडायच्या, त्या पेटवायच्या आणि शेकोटीजवळ सुमारे अर्धा मिनिट निर्विघ्न काढायचा. मगच सुरक्षितपणे बाहेर पडता येई. हा अर्धा मिनिट खऱ्या अर्थाने रानात तग धरण्याची परीक्षा असे, कारण धोका थंडीचा नव्हता, झाडीआडून कोण येते त्याचा होता.

खुनाखुनी वाढली तेव्हा शिष्टाचाराचे काम आकड्यांवर सोपवण्यात आले. बळीने तक्रार नोंदवायची, पाच खून नोंदले गेले की मारेकऱ्याचे नाव लाल व्हायचे आणि पहाऱ्याच्या शहरांचे दरवाजे त्याला बंद व्हायचे, अशी ती व्यवस्था होती. तिचा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की, काही खेळाडू समोरच्याला डिवचून किंवा फसवून त्याच्याकडूनच गुन्हा घडवू लागले आणि मग स्वतःचे नाव निळे, म्हणजे निर्दोषाचे, राखून त्याला कायदेशीरपणे मारू लागले. सभ्यपणा मोजण्याचे यंत्र बसवले की लोक यंत्राला हुलकावणी द्यायला शिकतात, हे इथे पहिल्यांदा मोठ्या प्रमाणावर दिसले.

मार्च १९९९ मध्ये आलेल्या ‘एव्हरक्वेस्ट’ने रानाचा धाक उलट्या दिशेने निर्माण केला. बहुतेक सर्व्हरांवर दुसऱ्या खेळाडूला मारता येत नसे, पण मरण महाग होते: मिळवलेला अनुभव घटे, आणि अंगावरचे सारे सामान जिथे पडलो तिथे प्रेताजवळच राही. नव्याने जिवंत झालेला खेळाडू रिकाम्या हाताने, अंधारातून, त्याच राक्षसांमधून आपले प्रेत शोधत जाई. ‘कॉर्प्स रन’ हा शब्द जुन्या खेळाडूंच्या तोंडी आजही आहे. प्रेत ओढून आणायला दुसऱ्याची मदत हवी असेल तर त्याला आज्ञा टाइप करून रीतसर संमती द्यावी लागे. अनोळखी माणसावर एवढा विश्वास टाकण्याची वेळ वारंवार येत असल्यामुळे तिथली रीतभात कडक झाली. मागे राक्षसांचा लोंढा घेऊन पळणाऱ्याने ‘ट्रेन टू झोन’ असे ओरडून सीमेवर विसावलेल्यांना सावध करायचे, एखाद्या जागी शिकारीला बसण्याआधी ‘कॅम्प चेक’ (इथे आधी कोणी बसले आहे का) विचारायचा, दुसऱ्याने सुरू केलेली शिकार हिसकावायची नाही, मोक्याच्या जागेसाठी नावे लावून थांबायचे. यातले फारच थोडे नियम प्रोग्रॅममध्ये होते. व्यवस्थापनाने काही लेखी धोरणात घातले, पण त्यांचे खरे बळ बदनामीच्या भीतीत होते, कारण एका सर्व्हरवरची माणसे एकमेकांना नावाने ओळखत आणि नाव बदलणे सोपे नव्हते.

२००० मध्ये ‘अल्टिमा’ने आपले जगच दुप्पट केले. एका प्रतीत संमतीशिवाय कोणाला मारता येणार नाही, दुसरीत जुने नियम चालतील. जुन्या प्रतीतील झाडे वठलेली दाखवली गेली आणि जागोजाग थडगी उभी राहिली. बहुसंख्य खेळाडू सुरक्षित प्रतीत राहायला गेले. नंतरही वर्गणीदार वाढत राहिले, त्यामुळे धंद्याच्या हिशेबाने तो निर्णय चुकला असे म्हणता येत नाही. तरीही उरलेल्या रानात शिकारीच जास्त आणि सावज कमी झाले, आणि व्यापारी, सोबती, रखवालदार यांची जी वर्दळ धोक्यामुळेच टिकून होती ती ओसरली. २००४ च्या नोव्हेंबरमध्ये ‘वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट’ आले आणि त्याने हाच कल पुढे नेला: मेल्यावर भूत होऊन प्रेतापर्यंत चालत जायचे, सामान मात्र सारे शाबूत. तोटा नसल्याने राग नव्हता असे मात्र नाही. २००६ मध्ये एका दिवंगत खेळाडूसाठी जमलेल्या खेळातल्याच शोकसभेवर विरोधी गटाने हल्ला चढवला. तो सर्व्हर लढाईचा होता एवढाच त्यांचा बचाव होता, आणि त्यावरचा वाद आजही मिटलेला नाही.

या साऱ्यात ‘रूनस्केप’चे प्रकरण वेगळे काढून पाहावे लागते, कारण तिथे नकाशाच्या उत्तरेकडील प्रदेशाचे नावच ‘वाइल्डरनेस’ आहे. २००१ मध्ये सुरू झालेल्या या खेळात आत जावे तसा त्या प्रदेशाचा आकडा वाढत जातो आणि त्या आकड्याएवढ्या फरकाच्या लढाऊ लेव्हलचा खेळाडू तुमच्यावर चाल करू शकतो. म्हणजे पाचव्या पट्ट्यात उभ्या असलेल्या साठ लेव्हलच्या माणसाला पंचावन्न ते पासष्ट या पल्ल्यातल्यांपासून भय. विसाव्या पट्ट्यापलीकडे नेहमीचे टेलिपोर्ट (क्षणात दुसरीकडे नेणारी जादू) चालत नाही, त्यामुळे परतीची वाट पायी. मरण आले तर सर्वांत मौल्यवान तीन वस्तू वाचतात, पण विनाकारण पहिला वार केला असेल तर डोक्यावर कवटी येते आणि त्या तीनही जातात. अन्न सोबत न्यायचे ते भुकेसाठी नव्हे. शार्क किंवा लॉब्स्टर हे इथे औषध आहे, आणि लढाईत कोणता घास केव्हा घ्यायचा यावर जीव ठरतो.

या चौकटीवर खेळाडूंनी आपला आचार रचला. एकास एक लढाईच्या भागात चाललेल्या झुंजीत तिसऱ्याने घुसणे नीच मानले जाई. हरल्यावर नवे सामान घेऊन लगेच परत येणे, संरक्षक प्रार्थना (मार कमी करणारी खेळातली शक्ती) लावून बसणे, हरतोय असे दिसताच अन्न खात सीमेकडे सरकणे, यांवरून शिव्या खाव्या लागत. हिरव्या ड्रॅगनांची शिकार करणारे लोक पीकर (इतर खेळाडूंना मारत फिरणारा) दिसताच सर्व्हरचा क्रमांक सांगून एकमेकांना सावध करत. आणि अगदी खालच्या पायरीवर होते ते भुलवणारे: नवख्याला गोड बोलून, सामान भेट देण्याचे आमिष दाखवून सीमेपलीकडे न्यायचे आणि तिथे साथीदारांकडून लुटवायचे. यातला प्रत्येक संकेत रोज मोडला जाई, पण मोडणाऱ्याला आपण काहीतरी मोडतो आहोत याची जाणीव असे.

१० डिसेंबर २००७ रोजी हे सारे एका अपडेटने थांबले. वाइल्डरनेसमधली खेळाडू-खेळाडूंची मुक्त लढाई काढून टाकण्यात आली आणि त्यांच्या जागी रेव्हनंट नावाची भुते रानात सोडण्यात आली. कारण शिष्टाचाराचे नव्हते, पैशाचे होते. खेळातले सोने खऱ्या पैशांना विकणाऱ्यांनी चोरीची क्रेडिट कार्डे वापरून खाती चालवली होती आणि त्या रकमा खेळाच्या कंपनीला बँकांकडे परत कराव्या लागत होत्या. खेळाबाहेर पैसे घ्यायचे आणि खेळात माल द्यायचा, तर तो देण्याची वाट बंद करणे हा उपाय ठरला. सरळ देवघेव हे उघड दार होते. वाइल्डरनेस हे मागचे. गिऱ्हाइकासमोर विक्रेत्याने मुद्दाम मरायचे आणि गिऱ्हाइकाने त्याची ‘लूट’ उचलायची, एवढे सोपे होते ते. म्हणून जानेवारी २००८ मध्ये देवघेवीवर सुरुवातीला ३,००० नाण्यांच्या फरकाची मर्यादा आली, आणि रान त्याआधीच बंद झालेले होते. हा युक्तिवाद आतून सुसंगत आहे. एक दार बंद करून दुसरे उघडे ठेवण्यात अर्थ नव्हता, हे विरोधकही नाकारत नाहीत.

किंमत मात्र भलत्यांनी मोजली. संतापलेल्या खेळाडूंनी खेळातल्या शहरांत गर्दी करून निदर्शने केली आणि अनेक क्लॅन (खेळाडूंचे संघ) उठून इतर खेळांकडे गेले, याची चर्चा पुष्कळ झाली. कमी बोलले गेले ते दुसऱ्या नुकसानाबद्दल. अनुभवी खेळाडूने नवख्याला सहज चिलखत देऊन टाकावे, मौल्यवान वस्तू जमिनीवर टाकून जमलेल्यांना लुटू द्याव्यात, हरलेल्याला उभे राहायला सामान द्यावे, या चांगल्या चालीही त्याच मर्यादेत अडकल्या. फसवणूक करणारा आणि दान करणारा, दोघेही प्रोग्रॅमला सारखेच दिसत. रेव्हनंट खेळाडूला जागीच थिजवत, त्याचे टेलिपोर्ट अडवत आणि निर्दयपणे मारत. मात्र त्यांच्याशी बोलणे, तह करणे किंवा त्यांना लाज वाटायला लावणे शक्य नव्हते. रान पूर्वीइतकेच धोकादायक राहिले आणि तरीही त्यात कोणालाच कोणाशी नीट वागण्याची गरज उरली नाही. लढाईसाठी पर्यायी मैदाने आणि पुढे २००८ मध्ये वेगळे सर्व्हर देण्यात आले, पण ठरवून येणाऱ्यांची लढाई आणि शिकार करताना मान वळवून मागे पाहण्याची सवय या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

तीन वर्षांनी हे निर्बंध उठवावेत का यावर खेळाडूंचे मतदान घेण्यात आले. १२ लाखांहून अधिक मतांपैकी ९१ टक्के मते बाजूने पडली, आणि १ फेब्रुवारी २०११ रोजी मुक्त व्यापार व जुने रान दोन्ही परतले. टीकाकारांचा इशाराही खरा ठरला: स्वयंचलित खात्यांचा पूर आला आणि ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर मोठी कारवाई करावी लागली. एवढे करूनही जुना आचार जसाच्या तसा परतला नाही. तो पिढीकडून पिढीकडे तोंडी जात होता, आणि मधल्या तीन वर्षांत खेळात आलेल्यांनी तो कधी पाहिलाच नव्हता.

दरम्यान भूक आणि थंडी दुसऱ्या दाराने परत आल्या. ‘हेवन अँड हार्थ’मध्ये २००९ पासून गुन्हेगार घटनास्थळी वास सोडून जातो आणि माग काढणारा त्या वासावरून त्याच्या घरापर्यंत पोहोचतो, मरण तिथे कायमचे आहे. २०१८ मध्ये पूर्ण स्वरूपात आलेल्या ‘कॉनन एक्झाइल्स’मध्ये भूक, तहान आणि तापमान सांभाळावे लागते, शिवाय खेळ सोडून गेलेल्याचे शरीर निजलेल्या अवस्थेत जगातच पडून राहते. त्यामुळे झोपलेल्यावर हल्ला करावा का, हा प्रश्न प्रत्येक सर्व्हरने हल्ल्याला मुभा असलेल्या वेळांचे आपापले वेळापत्रक ठरवून सोडवला. २०२१ च्या ‘व्हॅलहाइम’ने तर उपासमारीने मरणेच काढून टाकले, अन्न केवळ बळ वाढवते, आणि जग दहा जणांपुरते असल्याने शिष्टाचार हा मित्रांमधला मामला राहतो.

‘रूनस्केप’चे आता दोन फाटे आहेत. मुख्य खेळात २०२२ पासून वाइल्डरनेसमधली लढाई ऐच्छिक आहे. ऑगस्ट २००७ च्या प्रतीवरून २०१३ मध्ये उभ्या केलेल्या ‘ओल्ड स्कूल’मध्ये रान उघडे आहे, पण तिथे नव्या गोष्टी खेळाडूंच्या मतदानाने ठरत आणि दीर्घकाळ ७५ टक्के मतांची अट होती. रानात न जाणारे बहुसंख्य असल्याने लढाईविषयक प्रस्ताव वारंवार पडत, आणि पीकर त्याला आकसाचे मतदान म्हणत. मोठ्या लाभाच्या रेव्हनंट गुहांवर काही क्लॅनांनी ताबा बसवून संरक्षणाच्या नावाखाली वसुलीही केली. जानेवारी २०२३ मध्ये रानातल्या काही बॉसांच्या (सर्वांत बलाढ्य राक्षसांच्या) एकट्याने लढण्याजोग्या आवृत्त्या आल्या. तिथे टोळीने घेरता येत नाही, पण झुंज चालू असताना बाहेर टपून बसलेल्या एकट्या पीकरला मज्जाव नाही, आणि त्याने बॉस मरेपर्यंत थांबावे की नाही यावर दोन्ही बाजूंची भांडणे होत राहिली.