ओडेलचा पेट्रोल पंप घरासारखा का आहे?

अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात, शिकागोपासून गाडीने दीडेक तासावर, ओडेल नावाचं छोटं गाव आहे. तिथल्या जुन्या ‘रूट ६६’ रस्त्याच्या कडेला पांढऱ्या रंगाची एक बसकी इमारत उभी आहे. खोली लहानशी, छप्पर उतरतं, आणि तेच छप्पर पुढे ओढून खांबांवर टेकवलेलं, म्हणजे गाडी सावलीत उभी राहावी. पॅट्रिक ओडॉनेल या कंत्राटदाराने १९३२ साली हा पंप बांधला. आराखडा मात्र त्याचा नव्हता. स्टँडर्ड ऑइल ऑफ ओहायो या कंपनीच्या १९१६ च्या नमुन्यावरून त्याने तो घेतला होता. तेलाच्या कंपनीला घराचा नमुना का काढावा लागला, हे समजायला आणखी मागे जावं लागतं.

रॉकेल शुद्ध करताना पेट्रोल आपोआपच निघायचं आणि त्याला फारसं गिऱ्हाईक नसायचं. मोटारी आल्या तेव्हा ते किराणा दुकानात, लोहाराकडे, नाहीतर औषधांच्या दुकानात डब्यातून विकलं जाऊ लागलं. पिंपातून बादलीत काढायचं, नरसाळ्यावर मऊ चामडं धरायचं आणि गाळून गाडीच्या टाकीत ओतायचं. सांडलवंड व्हायची, आगीची धास्ती कायम. फोर्ट वेन गावच्या सिल्व्हेनस बाउझरने १८८५ मध्ये दुकानदारांसाठी रॉकेल मोजून देणारा हातपंप केला होता. १९०५ मध्ये त्याने मोटारींसाठी पेट्रोलचा पंप आणला. त्याच वर्षी सेंट लुई शहरात दोघा व्यावसायिकांनी टाकी उंचावर ठेवून बागेच्या रबरी नळीने थेट गाडीत पेट्रोल सोडायला सुरुवात केली. पुढे दुकानांसमोर, फुटपाथच्या कडेलाच पंप उभे राहिले आणि भर रस्त्यात गाड्यांच्या रांगा लागू लागल्या.

रस्ता मोकळा ठेवायचा तर गाडीला रस्ता सोडून आत वळता आलं पाहिजे. पिट्सबर्गमध्ये गल्फ कंपनीने १ डिसेंबर १९१३ रोजी उघडलेला पंप या बाबतीत महत्त्वाचा ठरला. जे. एच. गीसी या वास्तुरचनाकाराने तो गाडी आत यावी याच हिशेबाने आखला होता. मधोमध विटांची अष्टकोनी इमारत, सभोवार छप्पर, दिवसरात्र सेवा, हवा आणि पाणी फुकट. दर गॅलनला २७ सेंट होता आणि पहिल्या दिवशी फक्त ३० गॅलन पेट्रोल खपलं.

तेलाच्या बाजारातही तेव्हा उलथापालथ झाली होती. १९११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने रॉकफेलर यांच्या स्टँडर्ड ऑइलचे ३४ तुकडे झाले. आता गिऱ्हाइकासाठी चुरस सुरू झाली. सगळ्यांचं पेट्रोल जवळपास सारखंच, तेव्हा आपला पंप दुरून ओळखू यावा यासाठी कंपन्या ठराविक घडणीच्या इमारती बांधू लागल्या. मोक्याच्या जागा राहत्या वस्त्यांना लागून होत्या आणि तिथल्या रहिवाशांना पत्र्याच्या कळकट शेड आणि तेलाचा वास दाराशी नको होता. यावर कंपन्यांनी काढलेला तोडगा म्हणजे घराच्या रूपातला पंप. प्युअर ऑइल कंपनीने तर १९२० च्या दशकाच्या अखेरीस सी. ए. पीटरसन या रचनाकाराकडून उंच छपराचं, धुराडं असलेलं इंग्लिश धाटणीचं घरकुल करून घेतलं आणि गावोगाव तेच उभारलं. हा सगळा देखावाच होता, असं म्हणणारे आहेत. मला ते पटत नाही. अनोळखी गावात थांबलेल्या प्रवाशाला आणि शेजारच्या घरातल्या माणसालाही ज्याचं दडपण वाटणार नाही अशा मापात कंपन्यांनी इमारत बांधली, आणि त्यामुळे रस्त्याकडेच्या साध्या बांधकामालाही एक दर्जा आला.

शिकागो ते लॉस एंजेलिस जोडणारा रूट ६६ हा महामार्ग १९२६ मध्ये ठरला आणि तो ओडेलच्या वस्तीतून गेला. वर्दळ इतकी वाढली की चर्चला आणि शाळेला पायी जाणाऱ्यांसाठी १९३७ मध्ये रस्त्याखालून बोगदा करावा लागला. गावातल्या एवढ्याशा टप्प्यात ओडॉनेलच्या पंपाखेरीज आणखी नऊ पंप होते. सुरुवातीला त्याच्याकडे स्टँडर्डचं पेट्रोल मिळायचं. पुढे त्याने जागा भाड्याने दिली आणि तिथे सिंक्लेअर आणि फिलिप्स ६६ या कंपन्यांच्या पाट्या लागल्या.

मंदीच्या काळात नुसत्या पेट्रोलवर पंपमालकांचं भागेना. टायर, बॅटऱ्या आणि दुरुस्ती यांवर कमाई होऊ लागली आणि घराच्या नमुन्यात त्यासाठी जागाच नव्हती. वॉल्टर डॉर्विन टीग यांनी १९३७ मध्ये टेक्साकोसाठी केलेला पांढऱ्या एनॅमलच्या पत्र्यांचा, हिरव्या पट्ट्यांचा चौकोनी पंप याच गरजेतून आला. त्यात गॅरेज मूळ आराखड्याचाच भाग होतं. ओडॉनेलने जुनं न पाडता १९४० च्या दशकाच्या उत्तरार्धात बाजूला दोन खणांचं गॅरेज जोडलं. पण तोवर रस्ताच दूर जाऊ लागला होता. त्याच दशकात गावाला वळसा घालणारा चौपदरी मार्ग झाला, नंतर इंटरस्टेट ५५ आला. १९६० च्या दशकात पेट्रोलची विक्री थांबली, काही वर्षं तिथे गाड्यांच्या पत्र्याचं काम चाललं आणि १९७० च्या दशकात तेही बंद पडलं.

१९९७ मध्ये या इमारतीची ऐतिहासिक स्थळांच्या राष्ट्रीय नोंदवहीत नोंद झाली. १९९९ मध्ये गावाने ती विकत घेतली, आणि इलिनॉय रूट ६६ असोसिएशनच्या स्वयंसेवकांसह अनेकांच्या मदतीने ती दुरुस्त झाली. आज तिथे प्रवाशांचं स्वागत केंद्र चालतं. दुरुस्ती करताना ओडॉनेलचं गॅरेज तसंच ठेवलं, हे मला फार मोलाचं वाटतं. १९३२ चं नेटकं घरच तेवढं ठेवलं असतं तर फोटो सुंदर आले असते, पण नऊ शेजाऱ्यांशी टक्कर देत या पंपाने धंदा कसा टिकवला हे जागेवर दिसलं नसतं.