ध्वनीने मोजलेला प्लॅस्टिकचा ताठपणा : पार्श्वभूमी

बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत एसजी आयर्नचे (गोलाकार ग्राफाइट असलेल्या बिडाचे) कास्टिंग तपासणाऱ्याला ध्वनीचा वेग नवा नाही. ऑइलचा हात फिरवून प्रोब (ध्वनी सोडणारा आणि परतणारा ध्वनी टिपणारा भाग) टेकवायचा आणि वेग सेकंदाला ५६०० मीटरच्या आसपास भरला की आतले ग्राफाइट गोल बसले, असे समजायचे. पापुद्र्यासारखे ग्राफाइट असलेल्या ग्रे आयर्नमध्ये हा वेग बराच कमी येतो. ध्वनीला परतायला लागणाऱ्या वेळेवरून जाडी काढणारे, पोलादाच्या वेगावर लावलेले थिकनेस गेज मात्र १० मिलिमीटर जाडीच्या ॲक्रिलिकवर टेकवले, तर ते २२ मिलिमीटरच्या जवळपास जाडी दाखवते, कारण ॲक्रिलिकमध्ये ध्वनी सेकंदाला सुमारे २७०० मीटरच धावतो.

ही सारी साधने मुळात प्लॅस्टिकसाठी घडलीच नव्हती. क्वार्ट्झ दाबल्यावर वीज निर्माण होते, हे क्यूरी बंधूंनी १८८० मध्ये दाखवले. पहिल्या महायुद्धात पॉल लांजव्हँ यांनी त्याच स्फटिकाने पाणबुड्यांचा माग काढण्याचे प्रयोग केले. आणि १९४० मध्ये अमेरिकेत फ्लॉइड फायरस्टोन यांनी परतणाऱ्या प्रतिध्वनीवरून घन वस्तूंतील दोष हुडकणाऱ्या उपकरणाच्या पेटंटसाठी अर्ज केला.

घन पदार्थातून अनुतरंग (कण तरंगाच्याच दिशेने हलतात) आणि अवतरंग (कण तरंगाला आडवे हलतात) असे दोन्ही जातात, आणि त्यांचे वेग व पदार्थाची घनता ठाऊक असली की नमुना न तोडता यंग गुणांक, म्हणजे ताठपणाचे माप, काढता येतो. अवतरंग पातळ तेलातून पुढे सरकत नाहीत, म्हणून प्रोबखाली मधासारखा दाट द्रव लावतात. आपल्या उसाच्या पट्ट्यात काकवीनेही ते काम भागायला हरकत नसावी.

खरी अडचण आकडा हाती आल्यावर सुरू झाली. ॲक्रिलिकचा गुणांक ध्वनीने सुमारे ६ गिगापास्कल येतो, आणि तोच तुकडा ताणयंत्रात सावकाश ओढला तर जेमतेम ३. दोन्ही मोजमापे बरोबरच असतात. ध्वनीचे एक कंपन मायक्रोसेकंदात संपते, तेवढ्यात पॉलिमरच्या, म्हणजे प्लॅस्टिकच्या, लांब रेणूंच्या साखळ्यांना सरकायला अवधी मिळत नाही आणि पदार्थ अधिक ताठ वाटतो. सावकाश ओढताना त्या सरकतात. वेगाने दिलेला ताण आणि कमी तापमान यांचा पॉलिमरवरील परिणाम सारखाच असतो, हे नाते विल्यम्स, लँडेल आणि फेरी यांनी १९५५ मध्ये समीकरणात बांधले. धातूवर काम केलेल्या माणसाला हे पचायला जड जाते, कारण लोखंडात या दोन आकड्यांत एवढी तफावत पडत नाही.

त्यात प्लॅस्टिक ध्वनी शोषूनही घेते, त्यामुळे जाड पॉलिथिनसाठी ५ मेगाहर्ट्झचा प्रोब बाजूला ठेवून १ किंवा २ मेगाहर्ट्झचा घ्यावा लागतो. वर्षानुवर्षे पाण्याचा दाब सोसणाऱ्या पाइपचे डिझाइन ध्वनीच्या आकड्यावर करत नाहीत. एका लॉटचा माल दुसऱ्याशी ताडून पाहायला किंवा रेझिन कितपत घट्ट झाले हे पाहायला तो आकडा वापरतात.