अ‍ॅव्हरेजची तक्रार घेऊन येण्यापूर्वी

‘गाडी अ‍ॅव्हरेज देत नाही’ ही तक्रार आमच्या गॅरेजमध्ये आठवड्यातून अनेकदा येते. किती देते असे विचारले की बहुतेक ग्राहक सांगतात, एक हजाराचे पेट्रोल टाकले आणि अमुक किलोमीटरवर काटा पुन्हा खाली आला. या उत्तरावरून आम्हाला काहीही ठरवता येत नाही. काटा लिटर मोजत नाही, चढावर किंवा कललेल्या जागी तो वेगळे दाखवतो, आणि रिझर्व्हचा दिवाही दर वेळी नेमक्या त्याच पातळीला लागेल असे नाही.

खात्रीची रीत अशी आहे. नोझल आपोआप बंद होईपर्यंत टाकी भरावी, ट्रिप मीटर शून्यावर आणावा, 300 ते 400 किलोमीटर नेहमीसारखी गाडी चालवावी, आणि मग त्याच पंपावर पुन्हा नोझल बंद होईपर्यंत भरून पावतीवरील लिटरने किलोमीटरला भागावे. 420 किलोमीटरला 28 लिटर लागले, तर अ‍ॅव्हरेज 15 आले. येथेच सर्वांत मोठी चूक होते. नोझल बंद झाल्यावर रकमेचा ‘राउंड फिगर’ करण्यासाठी आणखी पेट्रोल टाकले जाते. दीड लिटर जादा गेले की तेच 15 कागदावर 14.2 दिसते आणि निरोगी गाडी गॅरेजमध्ये येते. शिवाय काठोकाठ भरलेल्या टाकीतून पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कॅनिस्टरमध्ये शिरू शकते, आणि तो भाग स्वस्त नाही.

अशा तीन भरण्यांची नोंद असल्याशिवाय आम्ही केवळ अ‍ॅव्हरेजसाठी इंजेक्टर किंवा प्लगला हात लावत नाही. काहींना हा आडमुठेपणा वाटतो; परंतु आधी भाग बदलायचे आणि मग फरक पडतो का ते पाहायचे, हा ग्राहकाच्या पैशाने केलेला अंदाज आहे, आणि तो आम्हाला मान्य नाही.

नोंदीवरून अ‍ॅव्हरेज खरोखर उतरलेले दिसले, तर प्रथम टायरची हवा पाहतो. ती टायर थंड असतानाच, चालकाच्या दाराजवळील स्टिकरप्रमाणे भरावी. त्यानंतर एखादे चाक ब्रेक धरून फिरते का, हे तपासतो. असे चाक इतरांपेक्षा जास्त तापते. इंजेक्शनच्या पेट्रोल गाडीत तुंबलेल्या एअर फिल्टरमुळे अ‍ॅव्हरेजपेक्षा पिकअप अधिक मंदावतो, हेही आम्ही स्पष्ट सांगतो.

खंबाटकी घाट उतरताना इंधन वाचावे म्हणून गाडी न्यूट्रलमध्ये सोडणारे अजूनही भेटतात. गाडी गिअरमध्ये असताना अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय उचलला की इंजेक्शनच्या इंजिनाचा इंधनपुरवठा बहुतांशी बंद होतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवण्यासाठी इंधन लागतेच, वर सारा भार ब्रेकवर पडतो. कृपया ही सवय सोडावी.

कंपनीचा अ‍ॅव्हरेजचा आकडा प्रयोगशाळेतील रोलरवर, वेगाच्या ठरावीक क्रमाने मिळवलेला असतो; रस्त्यावर तोच मिळेल असे नाही. तसेच इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांश ऊर्जा असल्याने ई-20 (20 टक्के इथेनॉल मिसळलेल्या) इंधनावर अ‍ॅव्हरेजमध्ये थोडी घट राहतेच. ती कोणत्याही ट्यूनिंगने भरून काढण्याचे आश्वासन आम्ही देत नाही.

सकाळी 9 ते 10 या वेळेत थंड टायरची हवा आम्ही विनामूल्य तपासतो. नोंदवही घेऊन आल्यास तपासणीची मजुरी पुढील कामाच्या बिलातून वजा केली जाईल.