खणण्याआधी आत बघा : घरच्या ड्रेनेज लाइनची कॅमेऱ्याने तपासणी

दर महिन्या-दोन महिन्यांनी संडास भरून येतो, मोरीतून गुडगुड आवाज करत पाणी वर चढतं. माणूस बोलावला की तो बांबूच्या खपच्या घालून लाइन मोकळी करून देतो आणि पुढच्या सणाला घरात चार पाहुणे वाढले की पुन्हा तेच. ज्यांच्या घरी असं चाललं आहे त्यांच्यासाठी हे पत्रक आहे.

खपचीने चोकला भोक पडतं आणि पाणी उतरतं. पण चोक दर वेळी त्याच जागी का होतो, हे वर उभं राहून कुणालाही सांगता येत नाही. मग कुणी म्हणतं पाइप फुटला, कुणी म्हणतं उतार नाही, आणि त्या अंदाजावर अख्ख्या अंगणाची कोटा फरशी निघते. बिघाड बहुतेक वेळा हात-दीड हाताच्या जागेत असतो. ती जागा आधी सापडली, तर खड्डाही तेवढाच लागतो.

इंदूरच्या लाइनी कुठे बिघडतात

रामबाग, नारायण बाग, स्नेहलतागंज अशा जुन्या वस्त्यांतल्या बऱ्याच घरांखाली अजून चिनी मातीचे पाइप आहेत. पाइप स्वतः उत्तम, शंभर वर्षं टिकेल असा. पण त्याचा एक तुकडा साधारण ६० सेंटीमीटरचा असतो, म्हणजे १२ मीटरच्या लाइनीत वीसेक सांधे आले. हे सांधे सुतळी आणि सिमेंटने भरत असत. सिमेंटचा सांधा जरासुद्धा वाकत नाही, आणि आपली माळव्याची काळी माती स्वस्थ बसत नाही. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात आकसून तिला भेगा पडतात. ही ओढाताण वर्षानुवर्षं चालली की सांधा तडकतो आणि एक पाइप दुसऱ्यापेक्षा अर्धा-पाऊण इंच खाली बसतो.

तडकलेल्या सांध्यातून ओल बाहेर झिरपते आणि पिंपळ, उंबर, कुंपणाचा अशोक यांची मुळं तिकडे वळतात. पहिली मूळ केसासारखी बारीक असते. आत आली की तिची जाळी होते, त्या जाळीत केस, कापसाचे बोळे, सॅनिटरी पॅड अडकतात, वर तेलकट साका बसतो. खपचीने ही जाळी फाटते, पण मूळ तिथेच राहते आणि दुप्पट जोमाने वाढते.

तपासणी करताना आणखी एक जागा आम्हाला वारंवार दिसते. कान्ह आणि सरस्वती या नद्यांत थेट पडणारी घरांची सांडपाण्याची तोंडं बंद करून ती ड्रेनेजला जोडली गेली आणि २०२१ मध्ये इंदूर देशातलं पहिलं ‘वॉटर प्लस’ (सांडपाणी शुद्ध केल्याशिवाय नदी-नाल्यात न सोडणारं) शहर ठरलं. ते काम फार मोलाचं झालं. पण काही जुन्या घरांत मागे जाणारी लाइन त्या वेळी पुढे वळवावी लागली, आणि जुना चिनी मातीचा पाइप नव्या पीव्हीसीला जिथे भेटतो तिथे नुसता सिमेंटचा गोळा थापलेला असतो. असा जोड असेल तर तपासणी तिथूनच सुरू करावी, असं आमचं मत आहे.

नव्या घरांनीही निर्धास्त राहू नये. पीव्हीसीला सांधे कमी, पण खाली नीट दाबलेला मुरूम किंवा वाळू नसेल तर पाइप मधेच झोळ घेतो. शिवाय टाइल्सचं काम संपल्यावर सिमेंटचं धुवण संडासात ओततात. ते पाइपच्या तळाशी दगडासारखं बसतं. घरमालकाने कारागिराला हे पहिल्याच दिवशी बजावलं पाहिजे.

कॅमेरा आत जातो तेव्हा

घरगुती चार आणि सहा इंची लाइनीसाठी आम्ही रॉडवर बसवलेला कॅमेरा वापरतो. रॉड फायबरचा, लवचीक पण ढकलता येईल इतका ताठ. पुढे स्टीलचं लहानसं डोकं, त्यात कॅमेरा आणि भोवती एलईडी दिवे. रॉड रिळावर गुंडाळलेला असतो आणि किती मीटर आत गेला तो आकडा पडद्यावर दिसत राहतो. सोसायटीच्या मोठ्या ह्यूम (काँक्रीटच्या) पाइपांसाठी चाकांवर चालणारा कॅमेरा लागतो, ते काम वेगळं.

चेंबरच्या काठावर आकडा शून्य करून आम्ही सुरुवात करतो. पडद्याकडे तुम्ही स्वतः बघावं, अशी आमची विनंती आहे. चांगला पाइप गोल आणि स्वच्छ दिसतो, तळाशी पाण्याची बारीक धार. सांधा आला की एक कडी दिसते. कडी पूर्ण गोल असेल तर सांधा ठीक. एका बाजूला ती चंद्रकोरीसारखी जाड दिसली, तर पाइप सरकला आहे. अहवालात जागा घड्याळाच्या भाषेत लिहिलेली असते : ‘६.८ मीटर, मुळं, १० ते २’ म्हणजे चेंबरपासून ६.८ मीटरवर मुळं वरच्या बाजूने आली आहेत.

झोळ ओळखणं सगळ्यांत सोपं. पुढे जाता जाता पाणी हळूहळू भिंगावर चढतं, चित्र गढूळ होतं आणि मीटर-दोन मीटरनंतर कॅमेरा पुन्हा कोरड्यात येतो. मात्र नुकतंच कुणी पाणी सोडलं असेल तर चांगली लाइनही भरलेली दिसते. म्हणून आम्ही नळ बंद करायला सांगून थोडं थांबतो आणि मगच नोंद करतो. चार इंची पाइपला साधारण ४० ला १ उतार लागतो, म्हणजे १० मीटरला २५ सेंटीमीटर. सहा इंचीला ६० ला १. झोळात पाव पाइप पाणी उभं राहत असेल, तर वर्षातून एकदा लाइन धुऊन घेऊन भागवता येतं. अर्ध्याच्या वर गेलं तर तेवढा भाग खणून पुन्हा लेव्हलमध्ये घालावा.

बिघाड दिसला की त्याची जमिनीवरची जागा काढायची. कॅमेऱ्याच्या डोक्याजवळ ५१२ हर्ट्झचा छोटा ट्रान्समीटर असतो. वर फरशीवर लोकेटर फिरवला की खालची जागा आणि खोली कळते. ही फ्रीक्वेन्सी मुद्दाम इतकी कमी ठेवतात, कारण ती बिडाच्या पाइपातूनही वर येते. त्या फरशीवर आम्ही खडूने फुली मारतो, फोटो काढतो, आणि गवंड्याने तिथेच खणायचं. नुसत्या मीटरच्या आकड्यावरून टेप लावून खणू नका. रॉड वळणं घेत जातो, वर टेप सरळ जातो.

जे कॅमेऱ्याला जमत नाही

तुंबलेल्या लाइनीत कॅमेऱ्याला काहीच दिसत नाही. त्यामुळे आधी जोराने पाणी मारणाऱ्या जेटिंग मशीनने लाइन धुवावी लागते आणि त्याचा खर्च वेगळा असतो. हे आम्ही कामाआधीच सांगतो. नहाणी ट्रॅप आणि संडासाच्या भांड्याच्या वळणातून डोकं जात नाही, म्हणून चेंबर किंवा साफसफाईचं तोंड उघडं मिळालं पाहिजे. पुष्कळ घरांत चेंबरवर फरशी घालून टाकलेली असते, तेव्हा ते कुठे आहे हे घरातल्या मोठ्या माणसांना विचारून ठेवा. आणि पाइपच्या बाहेर माती वाहून पोकळी झाली असेल, तर ती आतून दिसत नाही. तुटका पाइप आणि वर खचलेली फरशी यांवरून अंदाज करावा लागतो.

चेंबरमध्ये माणूस उतरणार नाही

आमचा एकही माणूस चेंबरमध्ये किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरत नाही. तुम्हीही कुणाला उतरवू नका, तो स्वतः ‘दोन मिनिटांचं काम आहे’ म्हणाला तरी. तिथे हायड्रोजन सल्फाइड साठतो. थोडा असला की कुजक्या अंड्यासारखा वास येतो, पण प्रमाण वाढलं की नाकाला वास येणंच बंद होतं आणि वायू गेला असं वाटतं. माणूस तिथेच कोसळतो आणि त्याला काढायला गेलेलाही. गटार आणि सेप्टिक टँकची धोकादायक सफाई माणसाकडून करून घेणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद, दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अशा मृत्यूसाठीची भरपाई ३० लाख रुपये केली. कुणाच्या घरचा कर्ता माणूस जाण्यापेक्षा आपलं अंगण चार दिवस तुंबलेलं परवडलं.

तपासणीनंतर

व्हिडिओ तुमच्या मोबाइलवर किंवा पेनड्राइव्हवर पूर्ण मिळेल, फक्त बिघाडाचे तुकडे कापून नव्हे. तो तुमचा आहे. दुरुस्ती आमच्याकडूनच करावी असं बंधन नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी दाखवा, भाव विचारा. दुरुस्ती झाल्यावर खड्डा बुजवण्याआधी पुन्हा एकदा कॅमेरा फिरवून घ्यावा.

पाऊस पडला की मगच लाइन भरत असेल, तर तपासणी उन्हाळ्यात नको, चांगल्या पावसानंतर करा. तेव्हा सांध्यातून आत येणारी पाण्याची धार स्पष्ट दिसते. त्याआधी गच्चीचा पाइप कुठे सोडला आहे तेही बघा. तो ड्रेनेजच्या चेंबरमध्ये जोडलेला असेल तर आधी तो काढा, कदाचित आमची गरजच पडणार नाही.

साधारणपणे घरापासून रस्त्यावरच्या महापालिकेच्या चेंबरपर्यंतची लाइन घरमालकाने सांभाळायची असते. बिघाड त्याच्या पलीकडे दिसला, तर स्वतःच्या पैशाने रस्ता खोदू नका. व्हिडिओतली ती जागा आणि मीटरचा आकडा घेऊन झोन ऑफिसला अर्ज द्या, किंवा ‘इंदूर ३११’ अ‍ॅपवर फोटोसह तक्रार नोंदवा.