लोकसंख्या व आरोग्यविषयक आकडेवारीची आंतरराष्ट्रीय तुलना

निरनिराळ्या देशांतील जन्म, मृत्यू, आयुर्मान, आजारपण आणि लोकसंख्येची वयोरचना यांचे आकडे एकाच मापाने मोजून शेजारी ठेवण्याची पद्धत. लोकसंख्याशास्त्र व सामुदायिक वैद्यक या दोन्ही शाखांत तिचा विचार होतो. संयुक्त राष्ट्रांचा लोकसंख्या विभाग आणि जागतिक आरोग्य संघटना हे तिचे मुख्य संकलक. प्रस्तुत नोंदीतील उदाहरणे शक्यतो नाशिक जिल्ह्यातील घेतली आहेत. जागतिक तक्त्यातला आकडा मुळात अशाच एखाद्या ग्रामपंचायतीच्या नोंदवहीतून किंवा पाहणीतून वर गेलेला असतो.

तुलनेतील पहिली अडचण वयोरचनेची. नमुना नोंदणी पद्धतीनुसार (निवडक गावे व वस्त्यांतील जन्म-मृत्यूंची सरकारी पाहणी) २०२० मध्ये भारताचा अशोधित मृत्युदर (दर हजार लोकांमागे वर्षातील मृत्यू) ६.० होता, तर जपानचा सुमारे ११. अपेक्षित आयुर्मान मात्र भारतात सुमारे ७० वर्षे आणि जपानमध्ये ८४ च्या आसपास. कारण सरळ आहे : जपानमध्ये वृद्धांचे प्रमाण फार मोठे आहे. समजा, दोन गावांत तरुणांचा मृत्युदर हजारी २ आणि वृद्धांचा हजारी ५० असा अगदी सारखाच आहे. पहिल्या गावात वृद्ध १० टक्के असतील, तर एकूण दर ६.८ येतो, दुसऱ्यात ते ३० टक्के असतील, तर १६.४. दोन्ही गावांतल्या माणसाचे आरोग्य तसूभरही वेगळे नाही, तरी दर दुपटीहून अधिक. यावरचा उपाय म्हणजे दोन्हीकडचे वयोगटवार दर एकाच ‘प्रमाण’ लोकसंख्येला, म्हणजे तुलनेसाठी ठरवून घेतलेल्या वयोरचनेला, लावणे. यास प्रमाणीकरण म्हणतात.

प्रमाणीकरणाच्या उगमाविषयी एकमत नाही. जॉन ग्राँट याने १६६२ मध्ये लंडनच्या मृत्युपत्रकांवरून (मृत्यूंच्या छापील याद्यांवरून) केलेले विवेचन हा लोकसंख्याशास्त्राचा आरंभ मानला जातो. पण वयाचा फरक काढून टाकून तुलना करण्याची कल्पना त्यात नाही. इंग्रजी परंपरेतील लेखक सामान्यतः १८४४ साली लंडनच्या सांख्यिकी संस्थेपुढे विमागणिती नीसन याने केलेल्या मांडणीकडे बोट दाखवतात. इंग्लंडमधील आरोग्यसुधारक एडविन चॅडविक याने मृत्यूच्या वेळच्या सरासरी वयावरून वस्त्यांचे आरोग्य ठरवले होते. जिथे मुले जास्त तिथे हे सरासरी वय आपोआप खाली येते, हे नीसनने एका भागातील वयोगटवार दर दुसऱ्या भागातील लोकसंख्येला लावून दाखवले. उलटपक्षी, योहान्नस टेटेन्स याने १७८६ मध्येच आयुर्वार्षिकीच्या (हयातभर दरवर्षी मिळणाऱ्या रकमेच्या) गणितात ‘अपेक्षित मृत्यूसंख्या’, म्हणजे ठरावीक वयोगटवार दरांनी जितके मृत्यू व्हावेत ती संख्या, काढली होती, असे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातील संशोधनातून पुढे आले. टेटेन्सचा हेतू विमानिधी सुरक्षित राहावा हा होता. दोन समाजांची तुलना त्याला अभिप्रेत नव्हती. त्यामुळे गणिती युक्तीचे श्रेय टेटेन्सला आणि तुलनेच्या तत्त्वाचे नीसनला देणे अधिक सयुक्तिक वाटते. संख्याशास्त्रज्ञ विल्यम फार याने पुढे ही पद्धत इंग्लंडच्या सरकारी अहवालांत रुजवली. आंतरराष्ट्रीय प्रमाण लोकसंख्या कोणती घ्यावी, याची चर्चा १८९० च्या दशकात बुडापेस्टचे कोरोशी व इंग्लंडचे ओगल यांच्यात झाली आणि काही काळ स्वीडनची १८९० ची लोकसंख्या वापरात होती. १९६० मध्ये जपानच्या मित्सुओ सेगी यांनी ‘जागतिक’ प्रमाण लोकसंख्या मांडली. ती जगाच्या तरुण वयोरचनेला धरून होती. जागतिक आरोग्य संघटनेने २००१ च्या सुमारास २००० ते २०२५ या काळासाठी नवी प्रमाण लोकसंख्या स्वीकारली. प्रमाण बदलले की देशांचा क्रमही थोडाफार बदलतो. तेव्हा कोणते प्रमाण वापरले हे न सांगता दिलेला प्रमाणित दर वाचकाने जपूनच घ्यावा.

दुसरी अडचण व्याख्येची. जन्मानंतर श्वास, हृदयाचे ठोके किंवा हालचाल यांपैकी जिवंतपणाचे एकही चिन्ह दिसले, तर तो जिवंत जन्म, ही जागतिक आरोग्य संघटनेची व्याख्या १९५० पासूनची. सोव्हिएट संघात मात्र २८ आठवड्यांच्या आतली, १००० ग्रॅमहून हलकी किंवा ३५ सेंटिमीटरहून लहान बालके पहिल्या सात दिवसांत दगावली, तर ती जिवंत जन्मात धरली जात नसत. साहजिकच अर्भक मृत्युदर (हजार जिवंत जन्मांमागे वर्षाच्या आत दगावणारी बालके) कागदावर कमी दिसे.

भारतात जन्म-मृत्यू नोंदणी १९६९ च्या अधिनियमानुसार घटना घडली त्या ठिकाणी होते. सुरगाणा तालुक्यातील रुग्ण नाशिक शहरातील रुग्णालयात दगावला, तर मृत्यूची नोंद शहरात होते. नेहमीच्या वास्तव्याचा रकाना अर्जात असतो. तो नीट भरला नाही तर शहर आजारी आणि पाडा निरोगी दिसतो. देशादेशांतही हेच घडते.

वयाची नोंद हा स्वतंत्र विषय आहे. येवला-नांदगावकडच्या म्हाताऱ्या बाईला वय विचारले, तर ‘बहात्तरच्या दुष्काळात पदरी दोन लेकरं होती’ असे उत्तर मिळते. नोंदणारा हिशेब करतो आणि ७० किंवा ७५ लिहून मोकळा होतो. ० व ५ या अंकांवर वये अशी गोळा होणे व्हिपल निर्देशांकाने मोजतात. २३ ते ६२ वयोगटासाठी काढलेला हा निर्देशांक १०० असेल तर असे झुकते माप नाही. ५०० असेल तर सगळीच वये ० किंवा ५ वर संपणारी. हा निर्देशांक वाढलेला असेल, तिथले आयुर्मान दशांशापर्यंत सांगण्यात अर्थ नाही.

दराचा छेद जनगणनेतून येतो. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाखांवर आणि शहराची सुमारे १४.८६ लाख होती. ही गणना फेब्रुवारीत झाली, म्हणजे ऐन द्राक्षहंगामात. पेठ-सुरगाण्याकडची कुटुंबे त्या दिवसांत दिंडोरी-निफाडच्या बागांवर कामाला उतरलेली असतात आणि गणनेच्या संपूर्ण काळात घराबाहेर असलेला माणूस, नियमानुसार, सापडेल तिथे मोजला जातो. सिंहस्थातील गर्दीचा परिणाम अंशावर होतो : यात्रेकरूचा मृत्यू नाशकात नोंदला जातो, तो माणूस मात्र नाशिकच्या लोकसंख्येत नसतो. रामकुंडावरील तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत यजमान घराण्यांच्या पिढ्या नोंदलेल्या आढळतात; वंशावळीसाठी त्या मोलाच्या असल्या, तरी केवळ तीर्थाला आलेल्यांच्याच असल्याने त्यांवरून दर काढता येत नाहीत.

कोविड-१९ च्या मृत्यूसंख्येवरून तुलनेचा वाद सर्वाधिक पेटला. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२०-२१ या दोन वर्षांसाठी भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यूंचा (साथ नसती तर अपेक्षित असलेल्यांहून जास्तीच्या) अंदाज गणिती प्रतिमानावरून दिला. अधिकृत कोविड मृत्यू सुमारे ४.८ लाख होते. भारत सरकारने प्रतिमानाच्या पद्धतीवर हरकत घेतली. नागरी नोंदणीत २०२० साली सुमारे ८१ लाख आणि २०२१ साली सुमारे १०२ लाख मृत्यू नोंदले गेले. नोंदणीचे प्रमाणही या काळात सुधारत होते, म्हणून ही सगळी वाढ साथीची म्हणता येत नाही; पण ती सगळी सुधारणेची आहे असेही मानवत नाही. प्रतिमानापेक्षा नोंदवहीतील या वाढीचे जिल्हावार विश्लेषण अधिक विश्वासार्ह ठरावे.

मृत्यूच्या कारणांची समान यादी झाक बर्तियाँ यांच्या १८९३ च्या वर्गीकरणापासून सुरू झाली. तिच्यातून वाढलेल्या आंतरराष्ट्रीय रोग-वर्गीकरणाची अकरावी आवृत्ती २०२२ पासून लागू आहे. भारतात नोंदलेल्या मृत्यूंपैकी साधारण पाचव्या ते चौथ्या हिश्श्याचेच कारण डॉक्टरांनी प्रमाणित केलेले असते. त्यातही ‘हृदयक्रिया बंद पडली’ एवढेच लिहिलेले प्रमाणपत्र उपयोगाचे नाही, कारण हृदय प्रत्येक मृत्यूत बंद पडतेच. घरी झालेल्या मृत्यूंसाठी मौखिक शवपरीक्षा ही पद्धत वापरतात : प्रशिक्षित पाहणी कर्मचारी घरच्यांना शेवटच्या दिवसांतील ताप, धाप, सूज, वेदना यांविषयी विचारतो, उत्तर शक्यतो त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतो आणि दोन डॉक्टर ते कागद स्वतंत्रपणे वाचून कारण ठरवतात.