बालदम्यातील स्टेरॉइडचा पंप

दमा असलेल्या मुलांना श्वासावाटे रोज द्यायचे, सूज उतरवणारे औषध. बेक्लोमेथासोन, ब्युडेसोनाइड आणि फ्लुटिकासोन ही त्यातली नेहमीची नावे. यांपैकी बेक्लोमेथासोनचा पंप सर्वांत जुना. तो १९७२ मध्ये ब्रिटनमध्ये बाजारात आला.

खानदेशात, म्हणजे जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांत, या औषधाला नुसते ‘पंप’ म्हणतात. दम लागल्यावर ओढायच्या साल्ब्युटामॉललाही तोच शब्द. निम्मा घोळ इथूनच सुरू होतो. साल्ब्युटामॉल आवळलेल्या श्वासनलिका काही मिनिटांत सैल करते आणि चार-सहा तासांत त्याचा जोर ओसरतो. स्टेरॉइड मात्र नलिकांच्या आतल्या अस्तराची सूज हळूहळू कमी करते. फरक जाणवायला आठवडा-दोन आठवडे लागतात, पुरता गुण यायला दोन-तीन महिने. ‘पोऱ्याले दम लागस’ म्हणून घाईने एकट्या स्टेरॉइडचा पंप दिला तर तासाभरात काहीच होत नाही, आणि ‘या पंपाचा उपयोग नाही’ असा शिक्का बसतो. उलट साल्ब्युटामॉलने लगेच बरे वाटते म्हणून तेवढेच चालू राहते आणि आतली सूज तशीच वाढत जाते. पंपाच्या रंगावर जाऊ नये. रंग कंपनीगणिक बदलतो. डबीवरचे औषधाचे नाव वाचावे आणि पंपावर चिकटपट्टी लावून ‘रोजचा’ किंवा ‘दम लागल्यावर’ असे ठळक लिहून ठेवावे.

कोणाला द्यायचे

घरघर, रात्रीचा खोकला आणि धावल्यावर लागणारी धाप पुन्हा पुन्हा होत असेल, साल्ब्युटामॉलने उतरत असेल, आणि घरात कोणाला दमा किंवा मुलाला त्वचेची ॲलर्जी असेल, तर निदान दम्याकडे झुकते. पाच वर्षांखालील पुष्कळ मुले सर्दी झाली की तेवढ्यापुरती घरघरतात. त्या सगळ्यांना रोजचे स्टेरॉइड लागत नाही. शंका असेल तर किमान तीन महिने नेमाने देऊन पाहतात, फरक न पडल्यास बंद करतात. दीर्घ खोकल्याबरोबर वजन घटणे, रेंगाळणारा ताप किंवा घरात क्षयाचा रुग्ण असेल, तर पंपाआधी क्षयाची तपासणी. एकाएकी एकाच बाजूची घरघर सुरू झाली, तर शेंगदाणा किंवा हरभरा श्वासनलिकेत अडकला आहे का हे आधी पाहावे लागते. तो स्टेरॉइडने निघत नाही.

फुप्फुसाच्या इतर जुनाट आजारांत या औषधाचे स्थान मर्यादित आहे. सिस्टिक फायब्रोसिस (कफ घट्ट, चिकट होणारा आनुवंशिक आजार) किंवा श्वासनलिका रुंदावण्याच्या आजारात, जोडीला दमा नसेल तर, ते सरसकट देत नाहीत. फार लवकर जन्मलेल्या बाळांचा प्रश्न आणखी नाजूक आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या युरोपीय चाचणीत अशा बाळांना जन्मानंतर लगेच ब्युडेसोनाइड दिले होते. फुप्फुसाचा जुनाट आजार कमी झाला, पण मृत्यूंचे प्रमाण त्या गटात थोडे जास्त दिसले. म्हणून नवजात कक्षात ते नेमाचे औषध झालेले नाही. अशी बाळे मोठी होऊन दम्यासारखी घरघरू लागली, तर त्यांना स्वतंत्रपणे तपासून देतात.

मात्रा

सहा ते अकरा वर्षांच्या मुलांसाठी कमी मात्रा म्हणजे दिवसभरात एकूण ब्युडेसोनाइड भुकटी १०० ते २०० मायक्रोग्रॅम, किंवा फ्लुटिकासोन प्रोपिओनेट ५० ते १०० मायक्रोग्रॅम. बहुतेकांना एवढे पुरते. ब्युडेसोनाइड ४०० च्या वर गेले की ती जास्त मात्रा धरतात. पाच वर्षांखालील मुलांत पंप आणि स्पेसरने (पंपाला जोडायच्या पोकळ नळकांड्याने) २०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड, किंवा नेब्युलायझरने (द्रावणाचे धुके करणाऱ्या यंत्राने) ५०० मायक्रोग्रॅम, ही कमी मात्रा. नेब्युलायझरचा आकडा मोठा दिसतो, कारण त्यातले बरेचसे औषध हवेतच जाते. मुलाला नेमके किती द्यायचे हे डॉक्टर ठरवतात. आकडे कळलेले असले की चिठ्ठी वाचता येते, एवढेच.

‘स्टेरॉइड’ म्हटले की पालक बिचकतात, त्यांनी एक हिशोब पाहावा. वीस किलोच्या मुलाला दम्याच्या झटक्यात तोंडाने प्रेडनिसोलोन दिले जाते ते दिवसाला साधारण २० मिलिग्रॅम. पंपातून २०० मायक्रोग्रॅम म्हणजे ०.२ मिलिग्रॅम, वजनाने शंभरावा भाग. ब्युडेसोनाइड वजनाच्या मानाने जास्त तीव्र आहे, त्यामुळे तुलना इतकी सरळ नाही, पण ते थेट फुप्फुसात पडते आणि गिळले गेलेले यकृतात बरेचसे निकामी होते. रोजच्या पंपाला भिणारे घर वर्षातून चार वेळा इंजेक्शन आणि गोळ्यांचे स्टेरॉइड घेते, तेव्हा एकूण स्टेरॉइड कितीतरी जास्त शरीरात जाते. दम्याच्या ‘पुड्या’ त्याहून वाईट: गुण लगेच येतो तो पुष्कळदा आत मिसळलेल्या स्टेरॉइडमुळेच, आणि किती मिसळले ते कोणालाच ठाऊक नसते.

साधन आणि कृती

चार वर्षांखाली पंप, स्पेसर आणि मास्क. त्यापुढे पंप आणि तोंडात धरायच्या नळीचा स्पेसर. भुकटीची कॅप्सूल ओढायचे रोटाहेलरसारखे साधन सहा वर्षांनंतर, कारण त्यासाठी जोरात आणि खोल श्वास घ्यावा लागतो. स्पेसरशिवाय तोंडात थेट दाबलेला पंप बव्हंशी घशातच आदळतो. स्पेसर फवाऱ्याचा वेग मोडतो, मोठे थेंब आतच अडकवतो आणि बारीक थेंब मुलाच्या चालू श्वासाबरोबर आत जाऊ देतो.

झाकण काढावे. पंप नवा असेल, किंवा बरेच दिवस वापरला नसेल, तर आधी हवेत दोन-चार वेळा दाबावा. मग चांगला हलवावा आणि स्पेसरला जोडावा. मास्क नाक-तोंडावर घट्ट बसवावा, कडेला फट नको. एकदाच दाबावे आणि मुलाला सावकाश पाच ते दहा श्वास घेऊ द्यावेत. स्पेसरची झडप हलताना दिसली पाहिजे. दुसरा फवारा द्यायचा तर अर्धा-एक मिनिट थांबून, पंप पुन्हा हलवून. दोन फवारे एकदम मारले की थेंब एकमेकांना चिकटून भिंतीवर बसतात. शेवटी चूळ भरून पाणी थुंकायचे. लहान बाळाला पाणी पाजायचे आणि मास्कखालचा चेहरा पुसायचा. दात घासण्याआधी पंप ठेवला की चूळ आपोआप होते आणि डोसही चुकत नाही.

रडणाऱ्या मुलाला दाबून धरून दिलेले औषध जवळजवळ वाया जाते. रडताना औषध खाली उतरतच नाही, आणि मास्कही नीट बसत नाही. त्यापेक्षा आधी नुसता मास्क खेळायला द्यावा, बाहुलीला लावू द्यावा. गाढ झोपेत लावावा असे बऱ्याच जणांना वाटते, पण मूल बहुधा जागे होऊन मास्क ढकलते.

स्पेसर आठवड्यातून एकदा कोमट साबणपाण्यात बुडवून काढावा आणि तसाच निथळत वाळवावा. फडक्याने पुसला की प्लॅस्टिकवर स्थिर वीज चढते आणि औषध भिंतीलाच चिकटते. कपाळावर आठ्या येतील इतकी ही बाब क्षुल्लक वाटते, पण मात्रा घटवणाऱ्या कारणांत ती खरोखर येते. स्पेसर परवडत नसेल तर उपाय आहे: १९९९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या एका चाचणीत ५०० मिलिलिटरच्या प्लॅस्टिक बाटलीच्या बुडाला पंपाच्या तोंडाएवढे भोक पाडून, सांधा हवाबंद करून बनवलेला स्पेसर विकतच्या स्पेसरइतकाच चालला, थर्मोकोलचा पेला मात्र नाही. ती चाचणी नलिका सैल करणाऱ्या औषधाची होती, स्टेरॉइडची नव्हे, तरी काहीच नसण्यापेक्षा बाटली बरी.

रोटाहेलरमध्ये कॅप्सूल पारदर्शक टोक खाली ठेवून खाचेत दाबायची, साधन पिळून ती उघडायची, साधनाबाहेर श्वास सोडायचा आणि मग तोंडाने जोरात ओढून दहा सेकंद रोखायचा. आत भुकटी उरली असेल तर पुन्हा ओढायचे. कॅप्सूल गिळणारी मुले आणि ओल्या हातांनी कॅप्सूल काढणारे पालक, दोन्ही दवाखान्यात हमखास भेटतात.

दवाखान्यात ‘वाफ दिली’ म्हणतात ती नेब्युलायझरची. घरी पातेल्यातल्या गरम पाण्याची वाफ हा तिचा पर्याय नाही. तिच्यात औषध नसते, आणि मुले भाजतात. ब्युडेसोनाइडचे द्रावण खरे तर तरंगत्या कणांचे असते, म्हणून ते हवेच्या दाबावर चालणाऱ्या जेट यंत्रातच द्यावे, अल्ट्रासॉनिक यंत्रात नव्हे.

खानदेशात काय बिघडते

उन्हाळ्यात भुसावळ-जळगावकडे पारा ४५ अंशांपलीकडे जातो. पंप बहुधा ३० अंशांखाली ठेवायचा असतो. मोटारसायकलच्या डिकीत, एसटीच्या खिडकीशी किंवा पत्र्याच्या छताखालच्या फळीवर ठेवला तर मात्रा बिघडते, आणि ५० अंशांपुढे दाबाखालचा डबा फुटूही शकतो. माठाजवळची सावलीतली जागा उत्तम. कॅप्सूलला पावसाळी ओल नको; त्या बाटलीतच ठेवाव्यात.

पंप संपला हे हलवून कळत नाही. औषध संपल्यावरही फवारा येत राहतो. आकडा दाखवणारा पंप नसेल तर हिशोब करावा: १२० फवाऱ्यांचा पंप सकाळी दोन, संध्याकाळी दोन असा ३० दिवस पुरतो. दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या नंदुरबार-धुळ्याच्या कुटुंबाला याच हिशोबाने पाच महिन्यांना पाच पंप बरोबर हवेत. ते नसले की मूल फडावर घरघरते आणि जवळच्या दवाखान्यात इंजेक्शन घेऊन येते.

घरातला धूर वेगळा. चुलीत पऱ्हाट्या (कापसाची वाळलेली झाडे) जळत असताना पंप आपले काम अर्धेच करतो. मुलाला चुलीच्या खोलीत झोपवू नये, कापूस साठवलेल्या खोलीत तर नाहीच. केळीबद्दलची समजूतही इथेच नोंदवायला हवी: केळी पिकवणाऱ्या रावेर-यावलच्या घरांतही दम्याच्या मुलाला केळे बंद केलेले आढळते. ॲलर्जी सिद्ध झाली नसेल तर त्याला आधार नाही. पंप चुकवून केळे टाळण्यात काही हशील नाही.

दुष्परिणाम

तोंडात पांढरे चट्टे आणि आवाज बसणे, हे स्पेसर आणि चूळ यांनी बरेच टळते. उंचीचा मुद्दा खरा आहे, पण छोटा: पहिल्या वर्षात वाढ साधारण एक सेंटिमीटरपर्यंत मागे पडते. अमेरिकेतल्या एका दीर्घ पाहणीत रोज ४०० मायक्रोग्रॅम ब्युडेसोनाइड घेतलेल्या मुलांची प्रौढ उंची सरासरी १.२ सेंटिमीटर कमी भरली. न आवरलेला दमाही वाढ रोखतो. जास्त मात्रा दीर्घकाळ दिली तर अधिवृक्क ग्रंथी, म्हणजे शरीराचे स्वतःचे स्टेरॉइड बनवणारी ग्रंथी, मंदावते. असे मूल तापात किंवा उलट्यांत एकाएकी निपचित पडले तर रक्तातली साखर लगेच पाहावी, आणि त्याचा पंप अचानक बंद करू नये. एक धोका सहज नजरेतून सुटतो: नायट्यासाठी मिळणारे इट्राकोनाझोल ब्युडेसोनाइड व फ्लुटिकासोनचे शरीरातले प्रमाण वाढवते. जादा स्टेरॉइडने चेहरा गोल होऊ लागला तर दोन्ही चिठ्ठ्या शेजारी ठेवून पाहाव्यात.

कमी करणे

तीन महिने रात्रीचा खोकला नाही, खेळताना धाप नाही आणि साल्ब्युटामॉल क्वचितच लागते, अशी स्थिती टिकली तर मात्रा पाव ते निम्मी कमी करतात आणि पुढच्या तीन महिन्यांत पुन्हा पाहतात. वेळ निवडावी लागते. जूनमध्ये शाळा उघडल्या की सर्दी घरोघर फिरते. ऑक्टोबर ते जानेवारी कापसाची वेचणी, मळणीची धूळ, दिवाळीचा धूर आणि थंडी एकापाठोपाठ येतात. म्हणून कपात होळी उलटल्यावर, मार्च-एप्रिलमध्ये करणे सोयीचे, आणि शाळा उघडण्याआधी मुलाला एकदा तपासून घ्यावे.