हरवले तरी मोजता येणारे वजन

बीएचसी (बेंझीन हेक्साक्लोराइड) ही कीटकनाशक पावडर एकेकाळी भारतीय शेतकऱ्यांच्या चांगल्या परिचयाची होती. १९९७ मध्ये तिच्यावर बंदी आली. सहा कार्बन, सहा हायड्रोजन आणि सहा क्लोरीन अणूंच्या रेणूची अनेक रूपे त्या पावडरीत एकत्र असत आणि कीटक मारण्याचे काम मुख्यतः त्यांतले गॅमा रूप, म्हणजे लिंडेन, करत असे. ही भावंडे इतकी सारखी की गॅमा रूप शुद्ध करताना त्याचा बराचसा भाग वाया जातोच. मग मूळ पावडरीत ते किती होते, हे कसे ठरवायचे?

समजा, ४०० मिलिग्रॅम पावडर विरघळवून तिच्यात किरणोत्सारी अणू असलेले १० मिलिग्रॅम गॅमा रूप मिसळले आणि त्याच्या प्रत्येक मिलिग्रॅममागे मोजणी यंत्रात मिनिटाला किरणोत्साराच्या १२०० नोंदी होतात, हे आधीच मोजून ठेवले. रासायनिकदृष्ट्या ते मूळच्या गॅमा रूपासारखेच वागत असल्याने दोन्ही एकजीव होतात. पुढे पुन्हा पुन्हा स्फटिकीकरण करून हाती केवळ ४ मिलिग्रॅम शुद्ध गॅमा आले आणि त्याच्या मिनिटाला ८०० नोंदी झाल्या, तर मिलिग्रॅममागे २०० नोंदी, म्हणजे किरणोत्सार सहापट विरळ झाला. त्यामुळे एकूण गॅमा ६० मिलिग्रॅम असले पाहिजे. आपण घातलेले १० वजा केले की मूळचे ५० उरते, म्हणजे पावडरीच्या १२.५ टक्के. उरलेले ५६ मिलिग्रॅम कुठे सांडले, याचा हिशेब ठेवावाच लागत नाही, आणि माझ्या मते या पद्धतीचे खरे सौंदर्य तेच आहे.

या विचाराचे मूळ एका अपयशात आहे. रदरफर्ड यांच्या मँचेस्टरच्या प्रयोगशाळेत जॉर्ज हेवेशी यांना शिशापासून रेडियम-डी वेगळे करण्याचे काम मिळाले होते. ते जमेना, कारण रेडियम-डी हे शिशाचेच किरणोत्सारी समस्थानिक, म्हणजे त्याच मूलद्रव्याचे वेगळ्या वस्तुमानाचे रूप, होते. जे वेगळे होत नाही तेच खूण म्हणून वापरावे, हे हेवेशींनी ओळखले आणि पुढे खडकांतील अत्यल्प शिसे मोजण्यासाठी रेडियम-डीचाच उपयोग केला. १९४३ चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना समस्थानिकांच्या अशा वापराबद्दलच मिळाले.

मोजणीची भिस्त मात्र दोन गोष्टींवर असते: वेगळे करण्याआधी मिश्रण पूर्ण एकजीव झालेले असावे आणि हाती आलेला नमुना खरोखर शुद्ध असावा. म्हणून स्फटिकीकरण तोवर करत राहतात, जोवर मिलिग्रॅममागील नोंदी स्थिर होत नाहीत.